आत्याच्या भिंतीवरची खूण

गावात त्याला सगळे 'लालडबा' म्हणायचे. नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात तो मोजणीदार होता. विकास आराखड्यात जो रस्ता रुंद व्हायचा असेल तिथं जाऊन कुणाच्या भिंतीचा किती भाग जाणार, याची लाल रंगानं खूण करणं हे त्याचं काम. आराखडे काढणारे वेगळे. ते काढतात, टाळ्या घेतात आणि मोकळे होतात. भिंतीसमोर उभं राहून शिव्या खायला मात्र लालडबा.

खरं तर त्याच्या वाट्याला शिव्या कमीच यायच्या, कारण त्याची एक रीत होती. मालकाला हाक मारून बाहेर आणल्याशिवाय तो भिंतीला ब्रश लावत नसे. आधी नकाशा दाखवायचा, पायरी जाणार की खोली ते तोंडावर सांगायचं, मग मालकाच्या देखत खूण करायची. निघताना सुनावणी कधी, कुठं आणि तिथं काय बोलायचं हेही समजावायचं. लोक चिडायचे, एखादी बाई रडायची, पण शेवटी पाणी विचारायचे. इतक्या वर्षांत पाणी न देता त्याला कुणी परत पाठवलं नव्हतं. एकदा तर खुद्द नगराध्यक्षांना त्यानं भरल्या ताटावरून उठवून त्यांच्याच कुंपणासमोर उभं केलं होतं. ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगण्यात सगळ्यात पुढे होती त्याची आत्या.

आई गेल्यावर आत्यानंच त्याला वाढवलं. दवाखान्याच्या रस्त्यावर, कोपऱ्याला तिचं दोन खोल्यांचं घर. मागच्या खोलीत संसार, पुढच्या खोलीत शिलाई मशीन. पॅन्ट आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं यावर तिनं आयुष्य काढलं. मशीन थांबलं की त्याच्याच फळीवर वही ठेवून हा अभ्यास करायचा. "तुमची पॅन्ट बोटभर आखूड झाली तर मला बोला," ती गिऱ्हाइकाला सांगायची, "पण माझ्या भाच्याची खूण बोटभर इकडची तिकडे व्हायची नाही." गिऱ्हाईक बिचारं आपल्या पॅन्टकडे काळजीनं बघत मान हलवायचं.

नव्या आराखड्यात दवाखान्याचा रस्ता आला. रुग्णवाहिकेला आत शिरता येत नव्हतं, तेव्हा गरज खरीच होती. रस्त्याच्या मधली रेघ यानंच काढली. तिथून दोन्हीकडे फीत टाकली, तर हद्द आत्याच्या पुढच्या खोलीतून गेली. मशीन होतं नेमकं तिथून. त्यानं पुन्हा मोजलं. फितीला नातीगोती कळत नाहीत, ती पहिल्यासारखीच पडली.

आता जाऊन सांगायला काय झालं होतं? अख्ख्या गावाला सांगणारा माणूस! पण याची जीभच उचलेना. शेजारच्या सलूनवाल्याला हाक मारून झाली, किराणावाल्याला झाली, आत्याचं घर मात्र मागं राहिलं. मग त्यानं तिचे डोळे तपासून घ्यायचं ठरवलं, दवाखान्यातली वेळ स्वतःच घेऊन दिली. ती तिकडे गेली आणि हा इकडे डबा घेऊन आला. दाराजवळच्या कुंडीमागं घाईघाईनं खूण केली आणि चोरासारखा सटकला. संध्याकाळी सांगू, म्हणाला. संध्याकाळी म्हणाला, उद्या.

दुसऱ्या दिवशी आत्याच ऑफिसात येऊन धडकली.

"अरे, माझ्या भिंतीवर कुणी मेल्यानं लाल फराटा ओढून ठेवलाय! घासून काढला सोड्यानं. हात बघ माझे कसे झालेत."

शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणाला, "अहो आत्या, रस्त्याची खूण असेल ती. शेजारीपाजारी झाल्यात की."

"त्यांना यानं हाक मारून केली, मी बघितलं ना. माझी खरी असती तर मला हाक मारली नसती? नगराध्यक्षाला ताटावरून उठवणारा हा, सख्ख्या आत्याला चोरून करेल? म्हातारीची चेष्टा केलीय कुणीतरी."

कारकुनानं लालडब्याकडे पाहिलं. त्या क्षणी एक वाक्य पुरलं असतं. पण लालडबा टेबलाच्या खणात मान घालून काहीबाही शोधायला लागला.

"बघतो मी, आत्या," तो खणातच म्हणाला.

तिला तेवढं पुरलं. "कामं फार असतात रे पोराला," असं कारकुनालाच बजावून ती गेली. स्वतःची इतकी लाज लालडब्याला कधी वाटली नव्हती. आणि लाजेची गंमत अशी, की ती माणसाला बोलतं करण्याऐवजी आणखी गप्प करते. तो रोज त्या रस्त्यानं जायचा, घासून पांढरा पडलेला भिंतीचा तुकडा बघायचा आणि मान खाली घालून पुढं सरकायचा.

सुनावणीच्या दिवशी रस्त्यावरचे सगळे नगरपालिकेच्या सभागृहात जमले. आत्या सोडून. सलूनवाला बोलला, किराणावाला तर टेबल आपटून बोलला. समोरच्या बाजूला नगरपालिकेच्याच पडक्या शेड होत्या. सुनावणीला बसलेले साहेब तसे ऐकून घेणारे. ज्यांनी हरकत घेतली त्यांच्यापुरती हद्द ते शेडच्या बाजूला सरकवत गेले.

"कोपऱ्याचं घर," साहेब नकाशावर बोट ठेवून म्हणाले. "समोर शेडच आहे. सरकवता येईल. मालक कुठं आहेत?"

"आम्ही बोलावलं होतं," मागून किराणावाला म्हणाला. "बाई म्हणतात, त्यांची खूण खोटी आहे!"

सभागृह हसलं. साहेबांनी लालडब्याकडे वळून विचारलं, "तुम्ही त्यांना सांगितलं होतं ना?"

नाही म्हणायचं, म्हणजे एवढ्या माणसांसमोर आपली रीत, आपलं नाव, सगळं धुळीला मिळवायचं.

"हो," लालडबा म्हणाला.

"मग त्यांची हरकत दिसत नाही." साहेबांनी सही केली आणि पुढचं घर घेतलं.

तिथून तो थेट आत्याकडे गेला. ती सुईत दोरा ओवायची खटपट करत होती. त्यानं सुई घेतली, दोरा ओवून दिला आणि म्हणाला, "आत्या, ती खूण मीच केली होती. तू दवाखान्यात गेल्यावर."

आत्यानं आपल्या सोड्यानं सोललेल्या हातांकडे पाहिलं.

"जा, डबा घेऊन ये," ती म्हणाली. "दारात उभा राहा आणि मला हाक मार. सगळ्यांना मारतोस तशी."

तो डबा घेऊन आला. दारात उभा राहिला. "आत्या" ही पहिली हाक आत पोचलीच नाही, दुसऱ्यांदा मारावी लागली. ती पदराला हात पुसत बाहेर आली, रीतसर नकाशा बघितला, मशीन कुठं, हद्द कुठं ते विचारून घेतलं. त्यानं त्याच पांढऱ्या तुकड्यावर खूण केली. ती शेजारी उभी होती. मग आत जाऊन तिनं पाण्याचा पेला आणून त्याच्या हातात दिला.

"हां, आता कसं!" ती म्हणाली. चेहरा निवळला होता तिचा. "वेडा कुठला. मी काय तुला खाल्लं असतं? बरं, ती सुनावणी कधी आहे सांग. मलाही चार शब्द बोलता येतात म्हटलं."

पेला त्याच्या ओठांपर्यंत गेला होता, तिथंच थांबला.

"झाली, आत्या. आज."

"झाली?" ती म्हणाली. "मग माझं कुणी काही विचारलं नाही?"

"साहेबांनी विचारलं. बाईंना सांगितलं होतं का म्हणून."

"मग?"

"मी हो म्हणालो."

आत्यानं त्याच्या हातातला भरलेला पेला काढून घेतला आणि आत गेली.