सोळा पानांचं जुज

छापखान्यात तिला सगळे दाभण म्हणायचे. एक तर हातात कायम दाभण असायचं, आणि दुसरं कारण तिची जीभ. सरकारी छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात चौतीस वर्षं काढून ती निवृत्त झाली, तेव्हा मुकादम भाषणात म्हणाला, "बाईंनी आम्हा सगळ्यांना शिस्तीत शिवून ठेवलं." सगळे हसले. तिचं लक्ष मात्र भेटवस्तूच्या खोक्याला बांधलेल्या दोऱ्याकडे होतं. कुणीतरी ढिली गाठ मारली होती आणि ती तिला बघवत नव्हती.

निवृत्तीनंतर माणसं तीर्थाला जातात, झाडं लावतात, नाहीतर शेजाऱ्यांच्या भानगडीत लक्ष घालतात. दाभणने यातलं काही केलं नाही. तिने आत्याच्या कपाटातला पत्र्याचा डबा उघडला.

आत्या एकोणनव्वद वर्षांची. दाभणला तिनेच वाढवलं होतं. डब्यात चार घड्या घातलेला एक कागद होता, घड्यांवर विरलेला. त्यावर जुन्या वळणदार अक्षरात एवढंच लिहिलेलं: सदर इसमाच्या मृत्यूची नोंद सन १८७२ च्या मृत्यूच्या रजिस्टरात आढळून येत नाही. खाली कचेरीचा शिक्का.

सदर इसम म्हणजे आत्याचे पणजोबा. ते बाइंडर होते. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, आणि गावच्या कचेरीची सगळी रजिस्टरं बांधायचं काम त्यांच्याकडे. त्या वर्षी तापाची साथ आली आणि ते दिसेनासे झाले. बायको म्हणाली, नवरा साथीत गेला, याच खोलीत गेला. पण गल्ली ओस पडलेली, बघायला कुणी नव्हतं. दुकान आपल्या नावावर व्हावं म्हणून ती कचेरीत मृत्यूचा दाखला मागायला गेली. कारकुनाने रजिस्टर चाळलं आणि हा कागद तिच्या हातात ठेवला. झालं! दिराने दुकान ताब्यात घेतलं, आणि भाऊ कुणाचा तरी हात धरून पळून गेला असं गावभर सांगितलं. सहा वर्षांचा मुलगा काकाच्या घरी हेच ऐकत मोठा झाला. तो मुलगा म्हणजे आत्याचे आजोबा. आईने कधी तोंड उघडलं की ते हा कागद तिच्यापुढे धरायचे. कागद एवढा जपून ठेवला होता तो यासाठी.

"तुला ठाऊक आहे, आजोबा मला काय म्हणायचे?" आत्या म्हणाली. "माझी आई खोटारडी होती आणि तिचे डोळे तुला आलेत. आठ वर्षांची होते गं मी. त्यानंतर किती वर्षं मला आरशात बघायची लाज वाटायची."

"मग आजवर बोलली का नाहीस?"

"बोलून काय करणार होते? कागद होता ना त्यांच्याकडे." आत्याने डब्याचं झाकण लावलं. "डॉक्टर म्हणतात, हृदय थकलंय. मला जायच्या आधी एवढं एकच कळू दे. ती खोटं बोलली होती का?"

"कळवते," दाभण म्हणाली. तिने शब्द दिला म्हणजे दिला, हे छापखान्यात शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

जुन्या दप्तरांची कचेरी एका दगडी इमारतीच्या मागच्या अंगाला होती. तिथे एक रेकॉर्डकीपर होता. माणूस वाईट नव्हता, फक्त कुणी काही मागितलं की आधी 'नाही' म्हणायची त्याला सवय होती. त्याने तिला कॉम्प्युटरपुढे बसवलं. जुन्या रजिस्टरांचे फोटो काढून ठेवलेले होते. १८७२ चं मृत्यूचं रजिस्टर तिने पहिल्या दिवशी अथपासून इतिपर्यंत वाचलं. नाव नव्हतं. दुसऱ्या दिवशी परत वाचलं. तिसऱ्या दिवशी रेकॉर्डकीपर म्हणाला, "बाई, नाही म्हणजे नाही. पळालेली माणसं मृत्यूच्या रजिस्टरात कशी सापडणार?"

ते वाक्य तिला झोंबलं. चौथ्या दिवशी तिने नावं वाचायची सोडून दिली आणि पानांचे आकडे बघायला लागली. एकशे शहात्तरनंतर एकदम एकशे त्र्याण्णव होतं. कडेला कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, 'पाने गहाळ'.

"ही मधली पानं कुठे गेली?"

"उंदरांनी खाल्ली असतील."

"बरोबर सोळा? तुमच्या उंदरांना मोजता येतं वाटतं!"

रेकॉर्डकीपरला यात मोजण्यासारखं काय आहे ते समजेना. तिने टेबलावरचा कोरा कागद उचलला, तीनदा दुमडला आणि त्याच्यापुढे ठेवला. एक मोठा कागद असा दुमडला की सोळा पानं होतात. त्याला बाइंडर जुज म्हणतात. एकावर एक जुजं शिवत गेलं की पुस्तक तयार होतं. पान फाटतं तेव्हा एखाददुसरं फाटतं, मधलंच कुठलंतरी. इथे बारावं जुज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आख्खं गेलं होतं.

"मला मूळ रजिस्टर बघायचंय. फोटो नको."

"मूळ मिळत नाही. नाजूक झालंय."

"चौतीस वर्षं नाजूक पुस्तकंच हाताळलीत मी."

"अर्ज करा," तो म्हणाला. म्हातारी अर्जाला कंटाळेल असा त्याचा हिशेब असावा, आणि तिथेच तो चुकला.

अर्जात कारण लिहायचं होतं. तिने लिहिलं, 'शिलाई बघायची आहे'. अर्ज परत आला, कारण छापील यादीत असं कारण नव्हतं. तिने 'इतर' या शब्दापुढे खूण केली आणि पुन्हा दिला. तोही परत आला: 'इतर' म्हणजे काय ते लिहा. तिने लिहिलं, 'शिलाई बघायची आहे'. असे अकरा हेलपाटे झाले. अर्ज वरच्या साहेबाकडे पडून असायचा तेव्हा ती दारातल्या बाकावर कचेरी उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसायची. शिपाई कपाटातून पुस्तक ओढायला लागला की तिथून ओरडायची, "अहो, डोक्याला धरून ओढू नका! मांजराचं पिल्लू आहे का ते?" दोन आठवड्यांत शिपाई पुस्तकं दोन्ही हातांनी उचलायला शिकला. रेकॉर्डकीपरने स्वतः वर जाऊन अर्जावर सही आणली. त्याला शांतता हवी होती.

तिने आधीच्या चार वर्षांची रजिस्टरंही मागून घेतली. आजाऱ्याच्या उशाशी उभं राहावं तसा रेकॉर्डकीपर तिच्या डोक्याशी उभा राहिला. चारही रजिस्टरं देखणी होती. कोपरे सुरीने कापल्यासारखे, आणि पुठ्ठ्याच्या आत दुकानाचा छोटा शिक्का, सरळ, मधोमध. शिलाई बारीक आणि घट्ट, शेवटच्या गाठीला दोरा दोनदा फिरवलेला. मग तिने १८७२ चं उघडलं. शिलाई तीच, शेवटच्या गाठीला तोच दोनदा फिरवलेला दोरा. पण कोपरे ओबडधोबड, कडेने खळ बाहेर आलेली, आणि आतला शिक्का उलटा मारलेला.

"शिवणारं माणूस तेच आहे," दाभण म्हणाली. "पुठ्ठा चढवणारं बदललंय. घरच्या धंद्यात शिवायचं काम बायकांकडे असतं, साहेब. पुठ्ठा, खळ, शिक्का पुरुषांकडे. या वर्षी तिने सगळं एकटीने केलंय. आणि तिला वाचता येत नव्हतं, नाहीतर शिक्का उलटा मारला नसता."

"पण तो पळून गेला असला तरी तिला एकटीनेच करावं लागलं असणार ना?"

हे मात्र खरं होतं. तिला त्याचा राग आला, आणि पहिल्यांदाच त्याच्याबद्दल थोडा आदरही वाटला.

"म्हणून तर ती सोळा पानं पाहिजेत," ती म्हणाली.

तिने पुस्तकाचा कणा बोटाने चाचपला. दोरा अकराव्या जुजातून थेट पुढच्यात गेला होता, सलग. कुठे तुटला नव्हता, कुठे सैल नव्हता. म्हणजे बारावं जुज या पुस्तकातून निखळलंच नव्हतं. ते यात कधी आलंच नव्हतं.

मग तिला स्वतःचं पहिलं वर्ष आठवलं. छापखान्यात नवीन असताना तिने एका टेबलावर दोन पुस्तकं शिवायला घेतली होती, आणि भूगोलाचं एक जुज व्याकरणात घातलं होतं, तेही उलटं. मुकादमाने सगळ्या खात्यासमोर तिची खरडपट्टी काढली होती. ती घरी जाऊन रडली होती. आणि तिला तर वाचता येत होतं.

"त्या वर्षीचं जन्माचं रजिस्टर काढा."

"बाई, तुम्हाला मृत्यू पाहिजे ना?"

"वर्ष संपलं की कचेरीतून दोन्हीची पानं एकदमच बांधायला जात असणार. कागद एकच, रेघा एकच. काढा."

"त्याला वेगळा अर्ज..." रेकॉर्डकीपरने सुरुवात केली, आणि तिने बाकाकडे नुसतं बघितलं. तो निघाला. कपाटाशी पोचता पोचता थबकला आणि म्हणाला, "त्या जन्माच्या रजिस्टरात काही पानं उलटी होती खरी. फोटो काढणारा विचारत होता. मी म्हटलं, सोडून दे."

दाभणने टेबलावर जागा केली. त्याने पुस्तक दोन्ही हातांनी उचलून तिच्यापुढे आणून ठेवलं.

जन्माच्या रजिस्टरात शहाण्णव पानांनंतर अक्षरं डोक्यावर उभी राहिली. रेकॉर्डकीपरने पुस्तक हलकेच फिरवलं. आकडा होता एकशे ब्याण्णव. दोघं मागून पुढे पानं उलटत गेले. एकशे एक्क्याऐंशी पानावर, वरून तिसऱ्या ओळीत, तो माणूस होता. वय चौतीस. धंदा पुस्तकबांधणी. आजार ताप. रेकॉर्डकीपर मोठ्याने वाचत होता आणि वाचता वाचता त्याचा आवाज खाली आला. "खबर देणारी: बायको. लिहिता येत नाही. निशाणी."

निशाणीच्या जागी शाईने एक दाभण काढलेलं होतं. टोकदार, नाकात दोरा ओवलेला. दोरा सुद्धा काढला होता तिने.

दाभण खुर्चीत मागे टेकली. तिला सगळं एकदम दिसलं. नवरा गेला त्या दिवशी ही बाई कचेरीत आली, खबर दिली, हे दाभण काढलं. वर्ष संपल्यावर नवऱ्याने घेतलेलं काम अडू नये म्हणून ती रजिस्टरं बांधायला बसली. तेच पान तिच्या मांडीवर आलं. तिने ते हातात धरलं, बाकीच्या पानांबरोबर भोकं पाडली, घट्ट शिवलं, आणि शेवटच्या गाठीला दोरा दोनदा फिरवला. मग त्याच पानाचा दाखला मागायला गेली, आणि कारकुनाने दुसरं पुस्तक उघडलं. दाभणला रडू आलं. त्या कारकुनाचा संतापही आला. सोळा पानं नाहीत हे त्या मेल्याला दिसू नये!

"पाणी आणू का?" रेकॉर्डकीपरने विचारलं.

"पानाचा फोटो काढून द्या," ती डोळे पुसत म्हणाली. "आणि हे जुज सोडवून जागेवर लावू असं तुमच्या मनात आलं असेल तर विसरा. त्या शिलाईला कुणी हात लावायचा नाही."

दुपारी आत्या खिडकीशी बसली होती. दाभणने फोटो तिच्या मांडीवर ठेवला, भिंग हातात दिलं आणि सगळं सांगितलं: उलटा शिक्का, दोन पुस्तकं, सोळा पानं. आत्याने भिंग त्या काढलेल्या दाभणावर धरलं.

"म्हणजे चूक तिचीच," आत्या म्हणाली.

"हो."

"आणि खोटं?"

"एक शब्दही नाही."

आत्याने भिंग खाली ठेवलं. "आणि आजोबा तिच्याशी शेवटपर्यंत धड बोलले नाहीत. आई मेली तरी त्यांनी कागद टाकला नाही. त्यांना आता कोण सांगणार गं?" मग ती रडली, मोकळेपणी, लहान मुलीसारखी. दाभण तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बऱ्याच वेळाने आत्या म्हणाली, "माझा आरसा दे." तिने आपले डोळे एकदा नीट बघून घेतले आणि डबा पुढे सरकवला. "हा कागद या घरात नको. ज्यांनी दिला त्यांना परत कर."

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधीच दाभण दारात होती. रेकॉर्डकीपरने तो विरलेला कागद बघितला आणि सवयीने म्हणाला, "दिलेला दाखला परत घ्यायची तरतूद नाहीये."

ती जाऊन बाकावर बसली.

दहा मिनिटांनी तो बाहेर आला. "दुरुस्तीची चिठ्ठी लावता येते," तो म्हणाला. "कागद तिच्यासोबत रजिस्टरात ठेवू. पण मजकूर थोडक्यात हवा."

तिने लिहिलं: पान १७७ ते १९२ याच वर्षीच्या जन्माच्या रजिस्टरात शिवलेली आहेत. सोबतचा दाखला चुकीचा आहे. बायकोने दिलेली खबर खरी होती.

"शेवटच्या वाक्याची गरज नाही," रेकॉर्डकीपर म्हणाला. दाभणने त्याच्याकडे बघितलं. "राहू दे," तो म्हणाला, आणि शिक्का मारला. मग दोनदा तपासला, सरळ उमटलाय ना म्हणून.

खाली दोन रकाने उरले होते. खबर देणाऱ्याची सही, आणि मयताशी नातं. तिने सही केली. दुसऱ्या रकान्यात ठळक अक्षरात लिहिलं, 'खापरपणती', आणि शाईच्या पेनाचं टोपण लावून चिठ्ठी वाळायची वाट बघत बसली.