उभ्या मालगाडीखालून

त्या सकाळी मी सिग्नलकडे पाहिलंच नव्हतं. न पाहताच 'जा' म्हणालो. चूक माझी होती, आणि ती मी दुसऱ्याच्या माथी राहू दिली.

मी शिक्षक. अकोला आणि बडनेऱ्याच्या मधलं आमचं लहान स्टेशन. मालगाड्या पाहायचा मला नाद होता. शाळेआधी फलाटाच्या टोकाला बसायचं आणि पारसच्या वीजकेंद्राकडे जाणारा कोळसा, सिमेंट, तेलाच्या टाक्या पाहत राहायचं. बाजूच्या लाईनवर उभी केलेली मालगाडी मागची एक्स्प्रेस पुढे गेल्याशिवाय सुटत नाही, हे मला पाठ झालं होतं. गाव अलीकडे, शेतं पलीकडे, पूल लांब. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया उभ्या गाडीखालून वाकून निघायच्या आणि आधी मला विचारायच्या. मला ते आवडायचं.

त्या दिवशी बाकीच्या बाया पुढे गेल्या होत्या. आमच्याच गल्लीतली एक मागून एकटी आली.

"सर, सुटते काय हे?"

"एक्स्प्रेस गेली नाही अजून. जा बिनधास्त."

"ड्रायव्हरपेक्षा तुमालेच जास्त समजते," ती हसली आणि वाकली.

एक्स्प्रेस उशिरा होती, म्हणून मालगाडी आधी सोडली होती. इंजिनाकडून खडखडाट डब्याडब्यातून मागे आला. ती पलीकडे निघाली. डावा पाय निघाला नाही. पूर्ण गाडी जाईपर्यंत मला तिची किंकाळी ऐकू येत होती, ती दिसत नव्हती.

दवाखान्यात तिनं सांगितलं, सरांनी जा म्हटलं. तिचा नवरा माझ्या दारात आला.

"तुमी म्हटलं होतं काय, सर?"

"मी कशाला म्हणीन?"

"तेच म्हणतो मी. सर कावून खोटं बोलतीन?" उलट मलाच धीर देऊन तो गेला.

मी फलाटावर जाणं सोडलं. पण गल्ली सोडता येत नव्हती. तिची सासू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "घाईनं पाय घालवला, अन् वरून सरवर आळ घेते." सून आधी 'सरांनीच जा म्हटलं' म्हणायची म्हणे, मग थांबली.

दुसऱ्या वर्षीचा कापूस घरात आला, तेव्हा मी गेलो. ती उंबऱ्यात तूर निवडत होती, कुबडी भिंतीला टेकलेली. नवरा खुर्ची घेऊन आला. मी बसलो नाही.

"वहिनी, त्या दिवशी मीच जा म्हटलं होतं."

नवऱ्याच्या हातात खुर्ची तशीच राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, त्याच्याकडे पाहिलं. मग सुपातच बोटं फिरवत म्हणाली, "मोठ्यानं सांगा, सर. आत सासूले ऐकू जाऊ द्या."

मी मोठ्यानं सांगितलं, "मीच जा म्हटलं होतं. सिग्नल पाहिला नव्हता. मंग खोटंही मीच बोललो, ह्या नाही. वहिनी, मले माफ करा."