पदर नीट घे, ओलं दिसतंय

"पदर नीट घे गं, फोटोत ओलं दिसतंय."

हे वहिनीसाहेबांचे शब्द. महाडच्या एका बड्या ठेकेदाराची बायको. सगळे तिला वहिनीसाहेबच म्हणतात. पोलादपूरच्या डोंगरातल्या आमच्या वाडीवर दरड आली त्या साली आम्हाला खालच्या गावातल्या शाळेत ठेवलं होतं. माझी मुलगी बारा दिवसांची. पोलकं दुधाने भिजलेलं. आणि ही बाई माझ्या हातात दुधाच्या पावडरीचा डबा देत होती.

मी म्हटलं, "माझ्याकडं हाय दूध."

ती हसली. "स्वतःलाच खायला नाही, दूध कसलं? पाणी असतं ते."

तिच्याबरोबरची माणसंही हसली. मी डबा धरला. फोटो निघाला. तेव्हा मला लाज वाटली ती माझ्याच अंगाची. आज तेच सगळ्यात जास्त झोंबतं.

सासू म्हणाली, "मोठी मान्सं सांगतात ती काय उगाच? डब्याचंच पाज गो." पाजलं. अंगावरचं बंद केलं, आणि चार दिवसांत दूध साठून छाती दगडासारखी झाली. ताप चढला. पू झाला. सरकारी दवाखान्यात गळू कापलं तेव्हा मी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता.

तिथल्या सिस्टरने मला समोर बसवून सांगितलं, "पाजणं पोरीसाठी, एवढंच सगळे सांगतात. ते तुझ्यासाठीही असतं. पोर ओढते तेव्हा तुझी गर्भपिशवी आकसते, अंगावरून जाणारं रक्त कमी होतं. पुढे छातीच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोकाही कमी होतो."

मला रडू आलं नाही. संताप आला. माझ्या फायद्याचं काही माझ्याच अंगात होतं आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वर त्या बाईने हातात डबा देऊन ते काढून घेतलं. सिस्टरने रोज पोरीला छातीला लावून घेतलं. पंधरा दिवसांत दूध परत आलं. डबा मी उकिरड्यावर फेकला.

तोवर महाडच्या एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लागला होता. वहिनीसाहेबांचा वाढदिवस. खाली डबा घेतलेली मी. 'कुपोषित मातेस मायेचा हात.' नवरा मुंबईला हॉटेलात कामाला. त्याला कुणीतरी त्या फ्लेक्सचा फोटो फोनवर पाठवला. त्याने फोन करून मलाच विचारलं, "तुला मी उपाशी ठेवली काय गो?"

यंदा ती पुन्हा आली. आता आम्ही पत्र्याच्या वसाहतीत राहतो. जीप, फोटोवाला, डब्यांची खोकी. शेजारची सून सहा दिवसांची बाळंतीण, तिच्याच दाराकडे वहिनीसाहेब निघाली होती. मी दारात आडवी उभी राहिले.

"बाई, डबा परत न्या."

वहिनीसाहेब नाही म्हटलं. बाई म्हटलं. ते तिला लागलं.

"तू कोण गं?"

तिने मला ओळखलंच नाही. ज्या तोंडावर तिने वाढदिवस साजरा केला, ते तोंड तिच्या लक्षात नव्हतं. मी सगळ्या बायांसमोर पदर बाजूला केला, पोलक्याची दोन बटणं काढली आणि कापल्याचा व्रण दाखवला.

"हा तुमचा डबा. काढ रे फोटो."

फोटोवाल्याने मान खाली घातली. बाईचं तोंड पांढरं पडलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. तिची जीप खोक्यांसकट परत गेली.

तिला वाटलं असेल, एक अडाणी बाई भडकली, विषय संपला. संपलेला नाही. ती ज्या वाडीवर जाईल, तिथे मी आधी पोचलेली असेन. जिला खरंच दूध येत नाही तिला मी सिस्टरकडे नेईन. बाकी प्रत्येक बाळंतिणीला मी सांगणार आहे, पाजल्याने तुझं काय भलं होतं आणि ते कोण हिरावायला येतंय. उंबऱ्याउंबऱ्यावरून तिला परत पाठवणार आहे. तिने माफी मागितली तरी मी ती देणार नाही. माफी दिली तर माझा राग निवेल, आणि मला तो निवू द्यायचा नाही.