मागच्या टाकीतली बिअर

माझ्या ताईचा नवरा, आमचे दाजी, मालवाहू जहाजावर फिटर होते. सात-आठ महिने समुद्रात आणि मग दोन-तीन महिने टिटवाळ्याच्या घरी. घरी त्यांना करमायचं नाही. मग दर रविवारी ते माझ्याकडे ठाकुर्लीला यायचे. मी तेव्हा डोंबिवलीत रंग बनवणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्ट होतो, लग्न व्हायचं होतं. खाडीच्या बाजूला एका बैठ्या घरात दोन खोल्या भाड्याने घेतलेल्या. पलीकडच्या दोन खोल्यांत घरमालकीण राहायच्या. कोळ्यांच्या, पन्नाशी उलटलेल्या, एकट्या. त्यांना मी मावशी म्हणायचो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. दाजींनी बेल्जियमच्या कुठल्याशा बंदरात एका म्हाताऱ्याच्या घरी बिअर प्यायलेली. त्याने ती तळघरात स्वतः बनवलेली होती. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच.

"अरे, तू केमिस्ट ना? मग आपल्याला का नाही जमणार?"

परवान्याशिवाय घरी असलं काही करणं गुन्हा आहे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तरी मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मलाच जास्त हौस होती.

कल्याणच्या एका किराणा दुकानातून सातू आणले. ते भिजवले, गोणपाटात मोड आणले, पत्र्यावर वाळवले, तव्यावर जरासे भाजले. गिरणीवाल्याला म्हैस आजारी आहे असं सांगून भरड काढून आणली. लॅबमधला जुना थर्मामीटर लावून ती भरड गरम पाण्यात पासष्ट अंशांवर तासभर ठेवली आणि गाळून उकळली. बिअरला कडवटपणा देणारी फुलं इथे कुठून मिळणार? आयुर्वेदिक दुकानातल्या काडेचिराइताच्या दोन काड्या टाकल्या. यीस्ट बेकरीतून मागून आणलं. सगळं लोणच्याच्या मोठ्या बरणीत भरून तोंडावर बूच बसवलं. बुचातून सलाइनची नळी काढून तिचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं, म्हणजे आतला वायू बाहेर जाईल आणि बाहेरची हवा आत येणार नाही.

पहिली बरणी एप्रिलच्या उकाड्यात आंबून गेली. ताकापेक्षा आंबट. थंड जागा हवी होती. ती घराच्या मागेच निघाली.

मागच्या आंब्याखाली जमिनीत एक जुनी पाण्याची टाकी होती. लांबी-रुंदीला मोरीएवढी, खोली दीड पुरुष, आत उतरायला भिंतीत लोखंडी कड्या. नळ आल्यापासून ती कोरडी पडलेली, वर पत्र्याचं झाकण. आत एक बरणी ठेवून पाहिली. तीन आठवड्यांनी जी बिअर निघाली ती गढूळ होती, पण बिअर होती. दाजी पेला उन्हात धरून नुसते बघत बसले.

"आता चार बरण्या लावू," ते म्हणाले. "आणि या वेळी थोडा गूळ."

शनिवारी संध्याकाळी चार बरण्या लावल्या. ओली गोणपाटं अंथरून झाकण घट्ट बसवलं. दाजी मुक्कामाला राहिले.

रविवारी सकाळी मावशी माझ्या दारात आल्या. चेहरा ओढलेला.

"बाला, टाकीत कोन हाय?"

"कोणी नाही मावशी. आमच्या बरण्या आहेत."

"कोन तरी पानी पितंय. सकालपासून ऐकतंय मी."

मी मागे गेलो. झाकणाला कान लावला. चारही नळ्यांचे बुडबुडे टाकीत घुमत होते. गुडुक. मग शांत. मग एकदम तीन-चार गुडुक, घाईघाईने, तहानलेल्या माणसासारखे. तो आवाज कसला, हे मला नेमकं माहीत होतं. ती नळी मीच जोडलेली. तरी मी कान लगेच काढून घेतला.

मी झाकण सरकवलं. टाकीच्या तळाशी, बरण्यांच्या मध्ये, मावशींची मांजर निजली होती. पत्रा एका कोपऱ्याला वाकलेला, तिथून शिरली असणार. मी हाक मारली, खडा टाकला. कान हलला नाही.

दाजींनी खाली बघायला कंदील मागितला. दोरी बांधून मी तो आत सोडला. वरची कडी, दुसरी कडी. तिसऱ्या कडीपाशी ज्योत लांब झाली, निळसर झाली आणि विझली. वारा नव्हता. मी कंदील वर ओढला, पेटवला, पुन्हा सोडला. तिसऱ्या कडीपाशी पुन्हा विझला. तिसऱ्यांदाही तिथेच, जणू त्या उंचीवर कोणी तोंड पुढे करून फुंकर मारत होतं.

"तो दिवा पितो," मागून मावशी म्हणाल्या. "उतरू नका. तो हाय तथं."

"कोण तो?" दाजी हसले.

 मावशी तशाच आपल्या खोल्यांकडे गेल्या.

आंबताना जो वायू निघतो तो हवेपेक्षा जड असतो. तो तळाशी साठतो. त्यात दिवा जळत नाही, माणूसही जगत नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा हा धडा. कंपनीत मी कामगारांना दर सहा महिन्यांनी हेच शिकवायचो. पण त्या सकाळी, डोळ्यांसमोर तीनदा दिवा विझूनही, माझ्या मनात तो धडा आला नाही. माझ्या मनात मावशींचा "तो" आला. अंगावर काटा आला आणि डोकं बंद पडलं. आजवर मला याचीच लाज वाटते.

"कंदिलात काहीतरी कचरा आहे," दाजी म्हणाले. त्यांनी घरातून माझी बॅटरी आणली आणि कड्यांवर पाय ठेवला.

"दाजी, नको."

"अरे, मेलेली मांजर बरण्यांजवळ ठेवायची का?"

ते उतरले. छातीपर्यंत, मग डोक्यापर्यंत. खालून आवाज आला, "नाकात झोंबतंय रे. सोड्यासारखं." मग, "थांब, जरा—"

पुढे काही आलं नाही.

मी वाकून पाहिलं. ते भिंतीला पाठ लावून खाली बसले होते, बाकावर बसावं तसे. मान एका बाजूला. बॅटरी जमिनीवर पडून तिचा उजेड भिंतीवर पडलेला. आणि चारही बरण्यांच्या नळ्या चालूच होत्या. गुडुक, गुडुक.

मी ओरडलो आणि पाय आत टाकला. तेवढ्यात मागून कोणीतरी माझी कॉलर धरून मला असं खेचलं की मी आंब्याच्या मुळांवर आपटलो. मावशी होत्या. त्यांच्या खांद्यावर दोरी आणि होडीचा चार नख्यांचा छोटा नांगर.

"एक गेला, त्याच्यामागं दुसरा गेला, तर दोघंबी तथंच ऱ्हाल. मना ठावं हाय. इथनं काढू."

त्यांनी पोटावर पालथं पडून नांगर आत सोडला.  एकदा चुकला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा एक नखी दाजींच्या पट्ट्यात अडकली. "ओढ!" आम्ही दोघांनी ओढलं. दाजी वजनदार माणूस. कसे वर आले मला आठवत नाही. माझ्या तळव्यांची साल निघालेली, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

त्यांचा चेहरा राखेच्या रंगाचा झालेला. मी छाती दाबली, तोंडात हवा फुंकली. मावशी त्यांच्या तळपायांवर चापट्या मारत होत्या आणि सबंध वेळ टाकीकडे बघून दबक्या आवाजात शिव्या घालत होत्या, एखाद्या माणसाला घालाव्यात तशा. मग दाजींच्या घशातून घरघर आली. त्यांनी श्वास घेतला.

दुपारी दाजींना डॉक्टरांकडून परत आणून माझ्या खोलीत झोपवल्यावर मावशी माझ्याशी बोलल्या. त्यांचं माहेर वसईकडच्या किनाऱ्यावर. मोठ्या होडीच्या पोटात मासळी साठवायचा खण असतो. खराब मासळी राहिलेल्या खणात त्यांचा थोरला भाऊ साफ करायला उतरला आणि तिथेच बसला. त्याला काढायला धाकटा उतरला. तोही त्याच्या शेजारी बसला.

"दोघं सेजारी सेजारी," त्या म्हणाल्या. "जसे गप्पा मारतात."

मी त्यांना वायू, वजन, ऑक्सिजन असं समजावू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तू त्याला काय बी नाव दे बाला."

बरण्यांना अकरा दिवस कोणी हात लावला नाही. आवाज हळूहळू विरळ झाला आणि बंद पडला. मग मी झाकण काढून दोन दिवस टाकी उघडी ठेवली, ओलं गोणपाट दोरीला बांधून आतली हवा ढवळली, कंदील तळापर्यंत जळतोय हे चारदा पाहिलं आणि तरीही न उतरता सगळं नांगरानेच काढलं. मांजर आंब्यापासून लांब पुरली. बिअर मोरीत ओतून दिली. ओतताना वास आला. आजवर केलेल्यांत ती सगळ्यांत चांगली झालेली.

पुढच्या महिन्यात दाजींचं जहाज होतं. निघायच्या आदल्या दिवशी ते आले, मावशींसाठी साडी घेऊन. ताईला आम्ही काही सांगितलेलं नव्हतं. ओटीवर चहा पिताना मी विचारलं, "आत काय झालं, आठवतं?"

त्यांनी चहाचा एक घोट घेतला.

"झोंबलं, चक्कर आली. मग कोणीतरी म्हणालं, बस."

"मी ओरडत होतो."

"तू नाही. शेजारून. अगदी प्रेमाने. सरकून जागाही दिली." त्यांनी कप खाली ठेवला. "मावशी मघाशी त्यांच्या भावांचं सांगत होत्या ना, ते मला आजच कळलं. आधी कळलं असतं तर मीच म्हटलं असतं, तेच माझ्या डोक्यात बसलं असेल."

आत मावशी भांडी लावत होत्या. भांड्यांचा आवाज थांबला. त्या दारात आल्या, हात पदराला पुसत, आणि दाजींना इतकंच विचारलं, "आवाज थोरल्याचा होता का धाकल्याचा?"

 आणि उत्तराची वाट बघत त्या तिथेच उंबऱ्यावर बसल्या.