एक माप मोठ्या बांगड्या

एम.ए.च्या पहिल्या दिवशी वर्गात प्रत्येकानं आपली ओळख करून द्यायची होती. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "घरचा व्यापार आहे." कसला, ते कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. कराडला लागून असलेल्या मलकापुरात आमचं बांगड्यांचं दुकान आहे. अब्बा माल घेऊन आठवडी बाजार करतात आणि दुकान सांभाळते अम्मा. ती चौथीपर्यंत शिकलेली, पण आसपासच्या कितीतरी बायकांच्या हातांची मापं तिला तोंडपाठ. वर्गात बहुतेकांचे आईवडील शिक्षक, नाहीतर बँकेत. मला वाटलं, बांगड्या भरणाऱ्या बाईची मुलगी म्हणून कशाला ओळख सांगायची.

सांगलीला विश्रामबागेत आत्याच्या घरी राहून मी शिकत होते. जुनी नाटकं शिकवायला आम्हाला एक ज्येष्ठ सर होते. आवाज बारीक, शिस्त कडक. नाटकांवर त्यांचं स्वतःचं पुस्तक होतं आणि परीक्षेला सगळे तेच वाचायचे. अभ्यासाला एक जुनं तीन अंकी नाटक होतं. त्यातल्या नायिकेला नवरा सोडून जातो. सासरचे तिला माहेरी धाडायला निघतात, पण ती जात नाही. तिथंच राहून सासऱ्याची पडीक जमीन कसायला घेते. शेवटच्या प्रवेशात दारावर बांगडीवाला येतो. ती त्याच्याकडे नेहमीपेक्षा एक माप मोठ्या बांगड्या मागते, आणि पडदा पडतो.

सरांनी वर्गात या शेवटाचा अर्थ सांगितला. जुन्या काव्यात विरहानं रोडावलेल्या स्त्रीच्या हातातून बांगड्या गळून पडतात, हा संकेत आहे. इथंही सैल बांगड्या म्हणजे झिजलेलं शरीर आणि हरलेलं मन. नायिका वरवर उभी आहे, आतून संपलेली आहे. म्हणून हे नाटक शोकांतिका. मला ते फार सुंदर वाटलं होतं. सहामाही परीक्षेत मी हेच लिहिलं आणि चांगले गुण मिळाले.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले. सणामुळे दुकानात गर्दी होती. दुपारी जरा उसंत मिळाली तेव्हा अम्मा लाकडी दांड्यांवर बांगड्या मापाप्रमाणे लावत बसली आणि मी समोर पुस्तक घेऊन. तिनं सहज विचारलं, "काय वाचतीस एवढं?"

मी तिला नाटकाची गोष्ट सांगितली. गोष्ट ऐकायला तिला आवडतं. मधेमधे "मग?" म्हणत तिनं शेवटपर्यंत ऐकली. मग मी सरांचा अर्थ सांगितला. तिचे हात थांबले.

"वाळली म्हनून मोठं माप मागितलं?"

"हो. म्हणजे हात बारीक झाले, बांगड्या सैल झाल्या."

"आगं, हात वाळला तर बाई ल्हान माप मागंल. मोठं कशाला मागंल?"

इतकी साधी गोष्ट. अख्ख्या वर्गात ती कुणाच्या लक्षात आली नव्हती, आणि बांगड्यांच्या दुकानात वाढूनही माझ्या आली नव्हती.

"मग मोठं माप कोण घेतं?" मी विचारलं.

"दवाखान्यातल्या नर्सबाया घेत्यात. धारा काढणाऱ्या घेत्यात. जिला आपल्या हातानं घालायच्या आन् आपल्या हातानं काढायच्या, ती घेती." तिनं एक बांगडी बोटावर फिरवली. "नव्या नवरीला बगितलंस न्हवं? सासू म्हनती, बसकी भर. हात दाबून, साबन लावून भरायची. मग ती निघत न्हाई. काढायची तर आमच्याकडं याया लागतं, न्हाईतर वाढवाया लागती." आमच्या धंद्यात बांगडी फोडली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात.

ती पुन्हा कामाला लागली. मी मात्र पुस्तक पहिल्या पानापासून उघडलं. गिऱ्हाईक आलं की उठायचं, गेलं की वाचायचं, असं करत दोन दिवसांत नाटक दोनदा वाचून काढलं. नायिका वाळल्याचं एकाही पात्राच्या तोंडी नव्हतं. उलट शेवटच्या अंकात ती एकटी मोट हाकते, असं नाटककारानं लिहून ठेवलं होतं.

सुट्टी संपल्यावर मी सरांच्या खोलीत गेले आणि अडखळत सगळं सांगितलं. अम्माचं नाव घेतलं नाही, "एका बांगडीवालीनं सांगितलं" असं म्हणाले. ते म्हणतानाच मला माझी लाज वाटली.

सरांनी चष्मा काढला. "बाजारातली माहिती म्हणजे समीक्षा नव्हे," ते म्हणाले. "उद्या कुणी शेतकरी येऊन सांगेल की मोटेचा अर्थ वेगळा आहे. संहिता काय म्हणते? संहितेत दाखव. दाखवलंस तर मी ऐकेन."

बाहेर आले ती रागातच. पण रात्री जेवताना त्यांचं शेवटचं वाक्य आठवलं. ऐकणार नाही, असं ते म्हणाले नव्हते.

मग मी फक्त बांगड्या शोधत नाटक वाचलं, आणि तीन जागा सापडल्या. पहिल्या अंकात लग्नानंतर सासू तिला बांगड्या भरायला बसवते. माप सांगते दोन-चार, आणि आता या सहज निघायच्या नाहीत, असंही समाधानानं म्हणते. दुसऱ्या अंकात नवरा गेल्याचं कळल्यावर नायिका बांगड्या ओढून काढू बघते, त्या निघत नाहीत आणि मनगटाला काच लागते. तिसऱ्या अंकात ती स्वतः माप सांगते, दोन-सहा, म्हणजे एक माप मोठं. ही मापं नाटककारानं स्वतः घातली होती. आम्ही सगळे ती वाचून पुढे गेलो होतो.

फेब्रुवारीत कॉलेजात विद्यार्थ्यांची परिषद होती. मी निबंध दिला आणि तो निवडला गेला. मग मी अम्माला फोन केला. त्या आठवड्यात तिला माल आणायला सांगलीला यायचंच होतं.

"मी तितं येऊन काय करू?" ती म्हणाली.

"माझ्यासाठी ये. आणि दोन-चार आणि दोन-सहाच्या थोड्या बांगड्या आण."

परिषदेच्या दिवशी ती शेवटच्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसली. पुढच्या रांगेत सर होते, आणि त्यांच्याशेजारी साताऱ्याहून आलेल्या एक प्राध्यापक बाई. मी निबंध वाचला. सुरुवातीला भरभर वाचत होते, पण पहिल्या अंकातल्या जागेशी आले आणि स्थिरावले. हात वाळला तर बाई लहान माप मागेल, हे वाक्य वाचल्यावर सभागृहात हसू फुटलं. माझं म्हणणं एवढंच होतं की ही शोकांतिका नाही. पहिल्या अंकात जे दुसऱ्यानं दाबून चढवलं, ते शेवटी नायिका स्वतःच्या मर्जीनं मागून घेते.

प्राध्यापक बाईंनी पहिला प्रश्न विचारला. "नाटककार पुरुष. मापातला हा बारकावा त्याला माहीत असेल कशावरून?"

"माहीत नसतं तर त्यानं दोन वेगळी मापं लिहिली नसती," मी म्हणाले. "नुसतं 'बांगड्या दे' म्हणूनही पडदा पाडता आला असता."

"ठीक. पण एका मापानं एवढा फरक पडतो? हे तुम्हाला कसं माहीत?"

मी शेवटच्या रांगेकडे बघितलं. "माझी आई बांगड्या भरते," मी म्हणाले. "ती इथे आहे."

इतक्या जणांसमोर हे सांगायला मला पहिल्या दिवसापासून इतके महिने लागले होते. सगळ्या माना मागे वळल्या. अम्मा पदर सावरत उठली, पुढे आली, आणि प्राध्यापक बाईंचा हात हातात घेऊन दुकानात बघते तसा बघितला.

"तुमचा हात नरम हाय," ती म्हणाली. "दोन-चार बसंल. भरू का?"

बाई हसल्या आणि हो म्हणाल्या. अम्मानं त्यांचा अंगठा आत दुमडला, पंजा चेपत चेपत हिरवी बांगडी मनगटावर सरकवली. "आता काढा."

बाईंनी काढायचा प्रयत्न केला. बांगडी अंगठ्याच्या सांध्याशी अडली. त्यांनी जोर लावला तसा अम्मानं त्यांचा हात धरला. "नगा, लागंल."

मग तिनं दुसऱ्या हातासाठी दोन-सहाची दिली. ती बाईंनी स्वतः घातली आणि स्वतः काढली. परत घातली, परत काढली. बाई आपल्या दोन्ही हातांकडे बघत होत्या. "इतकी वर्षं बांगड्या घालते," त्या हळूच म्हणाल्या, "पण असं कधी वाचलं नाही."

"हिरवी काढाया साबन लागंल," अम्मा म्हणाली. "जेवायच्या सुट्टीत काडून दिती."

यावर मोठा हशा झाला, आणि त्यात सर उठून उभे राहिले. ते माझ्याशी न बोलता अम्माशी बोलले. "या शेवटावर मी माझ्या पुस्तकात दोन पानं लिहिली आहेत. ती मागं घेतो."

अम्माला पुस्तकाचं काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "आवं सर, तुमी कशाला मागं घेताय? पोरीनं सांगितलं ते पुढं लिवा की."

टाळ्या बराच वेळ चालू राहिल्या. मी व्यासपीठावर उभी होते आणि हात कुठे ठेवावेत तेच कळत नव्हतं. नंतर सरांनी तो निबंध एका त्रैमासिकाकडे स्वतः पाठवला, आणि छापून आला तेव्हा त्यांनी वर्गात वाचून दाखवला. पुढच्या वर्षीच्या मुलांना त्यांनी दोन्ही अर्थ शिकवले, आणि कुणाचा कुठला, तेही सांगितलं.

परिषदेच्या दिवशी संध्याकाळी आम्ही मायलेकी एसटीनं मलकापूरला निघालो. पिशवी अम्माच्या पायाशी होती. मोबाइलवर मैत्रिणींनी फोटो पाठवले होते, ते तिनं एकेक करून बघितले, आणि आपला फोटो आला की पदर नीट दिसतोय का ते पाहिलं. मोबाइल तिनं माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "तुझ्या वर्गात अजून कंची नाटकं हायत?"

मी तिला पुढच्या नाटकाची गोष्ट सांगायला लागले. त्यात राजा बायकोला दागिने पाठवतो आणि ती ते न घालता पेटीत ठेवते. आमच्या पुस्तकात लिहिलं होतं की हा तिचा त्याग. अम्मानं मान हलवली.

"थांब," ती म्हणाली. "पेटीची किल्ली कुनाकडं व्हती, ते आदी सांग."