शेवटच्या रांगेतला पहिला

रांगेत दुसरा उभा राहणारा माणूस मुळातच आळशी असतो, असं तिकीटमास्तरांचं ठाम मत होतं. दूध असो, बँक असो की दवाखाना, मास्तर पहिले. दवाखाना उघडायला येणारी बाई आधी मास्तरांना "जरा सरका" म्हणायची आणि मग कुलपाला किल्ली लावायची. एकदा तर ते इतक्या लवकर पोहोचले की डॉक्टर स्वतःच आजारी आहेत ही बातमी सगळ्यांत आधी त्यांनाच कळली, आणि तपासणी न होता घरी परतताना त्यांना या गोष्टीचाही अभिमान वाटत होता.

हे खूळ नोकरीतून आलं होतं. सिनेमा थिएटरच्या तिकीटखिडकीमागे मास्तरांनी सगळी उमर काढली. खिडकीला एक हात आत येईल एवढं भोक होतं, आणि त्या भोकातून त्यांना जगाचे नुसते हात दिसत. आधी आला त्याला आधी तिकीट, यापलीकडे दुनियेत आणखी काही न्याय असेल असं त्यांना कधी वाटलं नाही. आता, खिडकी उघडण्याआधीच मधल्या चांगल्या खुर्च्या मालकाच्या पाहुण्यांना, चौकीतल्या साहेबांच्या कुटुंबाला आणि पंखे दुरुस्त करणाऱ्याच्या सासुरवाडीला गेलेल्या असत, ही बाब वेगळी. ती मंडळी रांगेत नसत, त्यामुळे रांगेच्या न्यायाला धक्का पोहोचत नसे. राहिलेल्यांना भोकातून "उरली तर देतो" म्हणायचं आणि फळी ओढून घ्यायची, एवढं मास्तर इमानेइतबारे करत.

निवृत्तीचे पैसे आले तेव्हा ते कुठे जाणार हे घरात ठरलेलं होतं. मास्तर आणि त्यांची बायको तिसऱ्या मजल्यावर राहत. मास्तर खाली-वर करत, ती नुसती वर राहायची. गुडघ्यांनी तिला कधीच रामराम ठोकला होता. खाली उतरायचं म्हणजे तिला कठड्याला धरून, बसत, उठत, देवाला आणि घर बांधणाऱ्याला दोघांनाही बोल लावत उतरावं लागे, आणि चढायचं म्हटलं की ती दोन दिवस आधीपासून धास्तावायची. त्याच गल्लीत, बेकरीला लागून, तळमजल्यावरच्या दोन खोल्या विकायला निघणार होत्या. दार थेट रस्त्यावर.

"दारात खुर्ची टाकून बसेन आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांशी वाद घालेन," ती म्हणायची. "बाकी मला काही नको."

पण मध्ये भाचा आला. मास्तरांच्या बहिणीचा हा मुलगा शेअर दलालाच्या कचेरीत होता आणि त्याचे बूट इतके चकचकीत असत की त्याच्याशी बोलताना माणसाची नजर आपोआप खाली जायची.

"मामा, घर कुठे पळून जातंय? एक वर्ष पैसे तांब्यात ठेवा. दोन खोल्यांच्या चार होतील. खाणीची कंपनी आहे, जमिनीखाली माल पडलाय. आणि तुम्ही नुसते पैसे लावत नाही आहात, तुम्ही कंपनीचे मालक होताय."

मास्तर हरभऱ्याच्या झाडावर चढले ते इथे. थिएटरच्या मालकाने उभ्या नोकरीत एकदाच त्यांचं नाव विचारलं होतं आणि उत्तर ऐकायला तो थांबला नव्हता. आता मास्तर स्वतः मालक. बायको म्हणाली, "मला खाण नको, खोली हवीय." पण मालक लोक घरचं ऐकत नसतात.

कंपनीच्या वार्षिक सभेला मास्तर अर्थातच सगळ्यांच्या आधी हजर. पहिली खुर्ची, पहिला चहा, पहिलं बिस्किट. अध्यक्षांनी पिवळं हेल्मेट घालून भाषण केलं. त्या हेल्मेटवर धुळीचा कणही नव्हता. त्या दिवसापासून जिन्यात कुणी भेटलं की मास्तर 'आमच्या खाणीत' अशी सुरुवात करत आणि शेजारीपाजारी काढता पाय घेत.

मग एके दिवशी 'आमच्या खाणी'ने हात वर केले. भलतंच कर्ज काढून घेतलेली यंत्रं, उतरलेला तांब्याचा भाव आणि अध्यक्षांचा न उतरलेला पगार यांचा मेळ बसेना, तेव्हा कंपनी न्यायालयात गेली आणि तिला दिवाळखोरीपासून संरक्षण मिळालं. मास्तरांनी भाच्याला गाठलं. त्याने मात्र पेढे वाटावेत अशा चेहऱ्याने समजावलं.

"ही वाईट बातमी नाही, मामा. ज्यांचं कंपनीकडे येणं आहे त्यांनी सध्या दारात यायचं नाही, असं न्यायालयाने सांगितलंय. खाण चालू राहणार, कंपनी चालू राहणार."

"आणि आपण?"

"आपण मालक. आपण थांबायचं."

मास्तर थांबले. शेअरचा भाव घसरत घसरत कपभर चहाच्या खाली गेला. मध्येच एका सकाळी कुठली तरी अफवा उठली आणि तो चांगलाच उसळला. मास्तर धावत भाच्याकडे गेले, विकू का म्हणून.

"आता विकलंत तर तोटा पक्का होतो," भाचा म्हणाला. "नाही विकलंत तर तो नुसता कागदावर असतो."

हे घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, "बरं झालं. म्हणजे जिनासुद्धा मी कागदावरच चढते." भाच्याने स्वतःचे शेअर त्याच सकाळी विकून टाकले होते, हे मास्तरांना पुष्कळ उशिरा कळलं.

इकडे तळमजल्याच्या खोल्यांना दुसरं गिऱ्हाईक आलं. खोल्यांचा मालक मास्तरांना ओळखत होता, म्हणून थोडा थांबला. शेवटी त्याने सांगून टाकलं, अमुक दिवशी दुपारी चारला या, खोल्या बघा, इसार द्या, नाहीतर माझी वाट मोकळी करा. नेमकं त्याच दिवशी सकाळी भागधारकांना न्यायालयाच्या इमारतीत बोलावलं होतं. मास्तरांना यात दैवाची योजना दिसली. सकाळी तिथून पैसे घ्यायचे आणि दुपारी इथे द्यायचे.

उजाडायच्या आत ते इमारतीच्या फाटकाशी उभे होते. हळूहळू इतर भागधारक आले. एक निवृत्त शिक्षिका, एक चष्मेवाला, मुलाच्या लग्नाचे पैसे लावून बसलेला एक बाप, आणि असे बरेच. सगळे घोळक्याने उभे राहू लागले तेव्हा मास्तरांना राहवेना. त्यांनी खिशातून थिएटरच्या जुन्या तिकिटांचं गुलाबी पुस्तक काढलं. नोकरी सुटताना त्यांनी ते आठवण म्हणून आणलं होतं. एक नंबर स्वतःला ठेवून त्यांनी बाकीची तिकिटं क्रमाने फाडून दिली. बघता बघता रांग सुतासारखी सरळ झाली. शिक्षिका दुसऱ्या होत्या आणि आपण आधी आलो होतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

"पुराव्याशिवाय बोलू नका, बाई," मास्तर म्हणाले. त्यांना फार दिवसांनी बरं वाटत होतं.

याच सुमारास कोट घातलेली काही माणसं बाजूच्या दाराने आत शिरू लागली. मास्तरांनी हटकलं, "अहो, रांग इकडे आहे."

त्यांतला एक सभ्यपणे हसला. "आमची वर आहे," तो म्हणाला आणि लिफ्टमध्ये गेला.

खिडकी उघडली. काचेला हात जाईल एवढं भोक होतं. मास्तरांनी सवयीने त्यातून हात आत घातला, त्या हातात एक नंबरचं गुलाबी तिकीट होतं. आत एक तरुण अधिकारी बाई बसल्या होत्या. त्यांनी तिकीट उलटसुलट करून पाहिलं.

"काका, हे काय आहे?"

"माझा नंबर. पहिला."

"ही माहितीची खिडकी आहे. इथे पैसे मिळत नाहीत."

"मग कुठे मिळतात?"

बाई चांगल्या होत्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि नीट सांगितलं. आधी या प्रकरणाचे वकील आणि हिशेब तपासणारे. मग ज्यांच्याकडे खाण आणि यंत्रं गहाण आहेत त्या बँका. मग कामगारांचे थकलेले पगार आणि सरकारचा कर. मग डिझेलवाले, टायरवाले. त्यांना शंभरातले वीस मिळाले तरी पुष्कळ.

"आणि मग आम्ही," मास्तर म्हणाले.

"हो. उरलं तर."

मास्तरांनी हात मागे घेतला. हे दोन शब्द त्यांच्या चांगले ओळखीचे होते. भोकाच्या या बाजूने ते इतके थंड लागतात, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

"किती उरेल?"

"बँकांनाच पुरत नाहीये, काका. कर्जफेडीची योजना मंजूर झाली की जुने शेअर रद्द होतील. नवे निघतील ते बँकांच्या नावाने."

"पण आम्ही मालक आहोत."

"म्हणून तर शेवटी," बाई म्हणाल्या. "सगळ्यांचं देऊन झाल्यावर राहतं ते मालकाचं."

"मग आम्हाला बोलावलंत कशाला? मत द्यायला?"

"ज्यांना काहीच मिळणार नाही त्यांचा नकार आम्ही धरूनच चालतो. तेवढे कष्ट तुम्हाला नाहीत. हरकत असेल तर लेखी देता येईल."

मागून शिक्षिकाबाईंनी पाठीला बोट लावलं. "काय झालं? खिडकी बंद केली का?"

"उघडी आहे," मास्तर म्हणाले. "तिकिटं संपलीत."

त्यानंतर तिथे जे आवाज उठले ते त्यांनी ऐकले नाहीत. खोटं काय सांगायचं, याचा विचार करत ते गल्लोगल्ली फिरले. तारीख पुढे गेली म्हणावं. साहेब आले नाहीत म्हणावं. भाच्यालाही फोन करून पाहिला. तो मीटिंगमध्ये होता, आणि बहुधा बरीच वर्षं राहणार होता. शेवटी दुपारी ते घराकडे वळले.

जिन्याच्या अगदी खालच्या पायरीवर बायको बसली होती. अंगावर ठेवणीतले कपडे, मांडीवर पर्स. चेहरा घामाने निथळत होता, पण ती खुशीत होती.

"तुमचा पत्ता नाही, म्हणून मीच उतरले," ती म्हणाली. "तास लागला मला. खोल्यांच्या मालकाने चारला बोलावलंय ना? मला आधी मोरी बघायचीय."

रचून आणलेल्या सगळ्या थापा मास्तरांच्या घशातच राहिल्या. ते तिच्या शेजारी टेकले आणि त्यांनी सगळं सांगितलं, वकिलांपासून टायरवाल्यांपर्यंत.

तिने चेहऱ्यावरचा घाम पुसला. मग म्हणाली, "म्हणजे खोल्या गेल्या."

"गेल्या."

"तुमचा नंबर कितवा होता?"

"पहिला."

"मग मागच्यांचं काय झालं असेल, बिचाऱ्यांचं," ती म्हणाली. पर्सची चेन तिने उगाच उघडली, लावली. "उतरायच्या आधी कळलं असतं तर बरं झालं असतं."

मास्तरांना रडू आलं. तिने रागावून आकाशपाताळ एक केलं असतं तर ते त्यांना सोसलं असतं. ते उठले आणि सवयीप्रमाणे तरातरा चार पायऱ्या चढले. तिथे थांबले, वळले आणि पुन्हा खाली आले.

"तू पुढे हो," ते म्हणाले.

"का?"

"मागे कुणीतरी हवं."

तिने कठडा धरला. एक पाय वर, मग दुसरा, मग दम. मास्तर तिच्या पाठीशी दोन्ही हात पसरून उभे राहिले. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा भाडेकरू पिशव्या घेऊन घाईघाईने आला आणि बाजूने घुसायला बघू लागला.

"काका, जरा सरका."

"रांग आहे," मास्तर मागे न बघता म्हणाले. "ती चढेल तसं आपण चढायचं."