खालची काच

इंदापुरातल्या आमच्या घराची रस्त्याकडची भिंत एका उन्हाळ्यात फुगली. वरच्या आळीचं सांडपाणी कित्येक वर्षं तिच्या पायाशी मुरत होतं. कोपऱ्यापासून वरपर्यंत बोट जाईल एवढी भेग पडली आणि नगरपालिकेचा शिपाई दारावर नोटीस डकवून गेला. घर राहण्यास अयोग्य आहे, दुरुस्ती करून दाखला मिळेपर्यंत आत कोणी राहू नये. बाजाराच्या दिवशी त्या भिंतीखालून सगळं गाव जायचं. नोटीस चुकीची नव्हती, हे मी तेव्हाही मानत होतो.

माझे वडील, त्यांना मी तात्या म्हणायचो, कळंब-निरवांगीच्या मळ्यांतून भाजी आणून घराच्याच ओट्यावर विकत. घर बंद झालं तसा ओटाही बंद झाला. ते आणि आई गावाबाहेर मामांच्या वस्तीवर एका छपरात राहायला गेले. मी पुण्याला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या घराण्यात सही करता येणारा पहिला माणूस मी. त्याआधी बारामतीच्या हायस्कुलात होतो तेव्हा आई रोज भाकरीचा डबा एस.टी.च्या ड्रायव्हरजवळ द्यायची, आणि त्या डब्यात माझ्या खोलीवरच्या आणखी दोन पोरांचं भागायचं. माझं शिक्षण असं झालं आहे. ते मी विसरलेलो नाही, म्हणूनच पुढचं लिहायला जड जातं.

तात्यांनी एका गवंड्याला हाताशी घेऊन पाया उकरला. काळा चिखल काढला, दगड-चुना भरला, मोरी पलीकडून वळवली, भेग बुजवली. सुट्टीत मीही पाट्या वाहिल्या. नगरपालिकेला स्वतःचा ओव्हरशियर नव्हता. बारामतीहून एक गृहस्थ यायचे. त्यांनी सगळं बघितलं, काठीनं भिंत वाजवली आणि काम चांगलं झालंय असं म्हणाले. पण दाखला दिला नाही. पिशवीतून त्यांनी काचेच्या दोन पट्ट्या काढल्या आणि आतल्या बाजूनं बुजवलेल्या भेगेवर आडव्या बसवल्या. एक वर, एक कमरेच्या उंचीवर. दोन्ही टोकं सिमेंटात.

“भिंत केसभर जरी हलली तरी काच तडकणार,” ते म्हणाले. “एक पावसाळा जाऊ दे. दसरा झाला की येतो. काचा शाबूत असल्या तर इथंच बसून दाखला लिहितो. तोवर या भिंतीला कुणी हात लावायचा नाही.”

पावसाळाभर तात्या रोज वस्तीवरून चालत येऊन काचा बघून जात. शेजारचे शिंपीकाका त्यांना चिडवायचे, “काय तात्या, भिंतीला चष्मा लावलाय म्हणं?”

“म्हातारी झाली की,” तात्या म्हणायचे. “दिसाय नगं व्हय तिला?”

पोस्टमनकडून लिहून घेतलेली कार्डं मला पुण्याला यायची. त्यात आईची तब्येत नसे, भाजीचं नसे. ‘दोन्ही काचा खुशाल आहेत’ एवढं मात्र असे. मी ते खोलीतल्या मित्रांना वाचून दाखवायचो आणि आम्ही हसायचो.

दसऱ्यानंतर ओव्हरशियर येणार त्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं मी उतरलो. घरात पाऊल टाकलं आणि पांढऱ्या मातीचा वास आला. नवरात्राआधी आमच्याकडं बायका घर सारवतात, भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतेरा देतात. घट बसवायचे ते आपल्याच घरात, राहायची बंदी असली म्हणून काय झालं, असं आईनं धरलं होतं. राहिली नव्हती ती. रोज येऊन माळ घालून परत जायची, आणि त्या दिवसांत तात्यांनी काचा बघायचं तिच्यावरच सोडलं होतं. भिंत स्वच्छ, पांढरी झाली होती. वरची काच नीट होती. खालची मधोमध तडकलेली होती.

तात्या समोर उकिडवे बसले होते.

दहाच्या सुमाराला ओव्हरशियर आले. वाकून काच बघितली, तड्यावरून नख फिरवलं. “हिला कुणी हात लावला होता का?”

“न्हाय,” आई चटकन म्हणाली. “न्हाय साहेब, कुनीबी न्हाय.”

“म्हणजे पाया बसतोय. वरची शाबूत आणि खालची फुटली, त्याचा अर्थ तोच.”

तो अर्थ काय होतो, हे आईला तेव्हा कळलं. ती एकदम पुढं आली. “माज्याच हातनं फुटली ओ. पोतेरा देताना. जरा दाबला हात, तर कट्‌कन वाजलं. भ्या वाटलं म्हून न्हाय म्हनलं.”

“बाई, आत्ता न्हाय म्हणालात.”

“आत्ता खरं सांगतीया.”

“मग आधी खोटं सांगितलंत. कुठलं धरू मी?” ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं आणि माझ्याकडं वळले. “तुम्ही शिकलेले आहात. हाताचा दाब लागून फुटली असेल तर मी नवी काच बसवतो, आणखी दोन महिने बघू. पण भिंत हलत असेल आणि मी गप्प बसलो, तर खाली माणूस मरेल. तुमच्या शब्दावर जातो. फुटली कशी?”

आई माझ्याकडं बघत होती. काचेच्या कडेला मातीत तिच्या बोटांचे ठसे स्पष्ट दिसत होते. पण ठसे तर सगळ्या भिंतीवर होते. ती खरं सांगत होती की घर वाचवायला सांगत होती, हे मला खरोखरच कळत नव्हतं.

“मी पाहिलेलं नाही,” मी म्हणालो. “मी आज सकाळीच आलो.”

त्यांनी मान हलवली आणि लिहायला बसले. भिंत पायापासून उतरवावी.

दोन दिवसांनी नगरपालिकेची माणसं आली. आधी शिंपीकाकांच्या मदतीनं आम्ही देव हलवले. मग पहारी चालल्या. भिंत दुपारपर्यंत पडेल असं मुकादमाला वाटलं होतं. संध्याकाळी ती गुडघ्याच्या खालीही आली नव्हती. एक मजूर पहार टाकून हाताला फुंकर घालत म्हणाला, “कोन म्हनलं रं ही पडनार व्हती? पहार उसळतीया हिच्यावनं.” दुसरा हसला. तात्या पलीकडच्या ओट्यावर बसून ते ऐकत होते. दुसऱ्या दिवशी पायाचे दगड निघाले, ते उन्हाळ्यात आम्ही बसवले तसेच्या तसे, चुन्यासकट. एकही सरकलेला नव्हता.

तात्यांनी पुन्हा बांधायला घेतलं नाही. गवंडी दोनदा वस्तीवर आला, दोन्ही वेळा चहा पिऊन गेला. भिंतीमागचं छत पुढच्या पावसाळ्यात बसलं. तात्या त्यानंतर टोपली डोक्यावर घेऊन दारोदार भाजी विकत. मी पास झालो, मला शाळेत नोकरी लागली. ती दोघं मामांच्या छपरातच राहिली.

आईनं मला त्या दिवसाबद्दल एका शब्दानं विचारलं नाही. मी एकदा विषय काढला, “आई, मी तेव्हा...” तर ती म्हणाली, “जेव आधी,” आणि भाकरी वाढली.

पुढं माझं लग्न ठरत होतं तेव्हा कऱ्हाटीहून मुलीकडची माणसं वस्तीवर आली. छपरात घोंगडी टाकून त्यांना बसवलं. चहा झाल्यावर मुलीच्या चुलत्यांनी इकडंतिकडं बघत विचारलं, “आनि तुमचं सोताचं घर कुठंशी आलं?”

आई चुलीपाशी होती, तिथूनच बोलली.

“घर न्हाय आमाला,” ती म्हणाली. “पोरगं हाय. कदी खोटं बोलत न्हाय.”

पाहुण्यांनी कौतुकानं माझ्याकडं बघितलं. मी कळशी उचलली आणि पाणी आणायला बाहेर पडलो.